पायरीवरचा शब्द

चाळणी विकत घ्यायची तर आधी मूठभर धान्य दाखवावे लागे, असे एकच दुकान मी पाहिले. ते कारंजा लाडच्या जुन्या बाजारात आहे. नेमीचंदशेठ त्याचे मालक होते. दुकानात चाळण्यांखेरीज काही नव्हते. पिठाच्या, रव्याच्या, तिळाच्या, तुरीच्या, सोयाबीनच्या. तळहाताएवढ्या चाळणीपासून दोन माणसांनी धरून हलवायच्या चाळण्यापर्यंत. सगळा माल छताला टांगलेला असे. गिऱ्हाईक पायरी चढले की शेठ त्याच्या तोंडाकडे पाहत नसत, हातांकडे पाहत. हात रिकामे दिसले तर विचारत, "दाना कुठं आहे?"

दाणा आणलेला नसेल तर चाळणी मिळत नसे. माणसे चिडत. एक निवृत्त अभियंता माझ्या देखत म्हणाले, "मी पैसे देतो आहे. तुम्ही चाळणी द्या. तुम्हाला दाण्याशी काय करायचे आहे?"

शेठ म्हणाले, "पैसे तं तुमी द्यान साहेब. पन घरी जाऊन चाळनीले शिव्याबी तुमीच द्यान. त्या मले इथं ऐकू येते."

अभियंता गेले. दुसऱ्या दिवशी रुमालात हरभरा बांधून परत आले.

मी शेठचा शेजारी होतो. दिवाणी न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी केली. माणसे बोलतात तसे उतरवून घेणे हे माझे काम होते. शेठ बोलत तसेच ते येथे येईल. मी त्यात दुरुस्ती केलेली नाही. त्यांचा जन्म, विवाह, आजार यांची जी माहिती मला आहे ती सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांची शेवटची दीड-दोन वर्षे मी जवळून पाहिली. तेवढ्यापुरते हे लिहिणे आहे.

शेठ उंच होते, परंतु टांगलेल्या चाळण्यांखालून आयुष्यभर वावरल्याने मान किंचित पुढे झुकलेली. ती मोकळ्या रस्त्यावरही तशीच राही. कपडे पांढरे. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नसत. हसत क्वचित, आणि स्वतःच्या विनोदाला कधीच नाही. बाजारपेठेत नव्याने आलेले एक उत्तर भारतीय जोडपे एकदा दुकानात आले. मुलीला करवा चौथला चंद्र पाहण्यासाठी चाळणी हवी होती. शेठनी नेहमीप्रमाणे विचारले, "काय चाळायचं?"

"चाँद," ती मुलगी म्हणाली.

शेठनी विचार केला. वरच्या ओळीतून मैद्याची चाळणी काढली. "बारीक घ्या," ते म्हणाले. "मोठ्या भोकाची घ्याल तं चांद खाली पडून जाईन." मुलगी हसली. शेठ हसले नाहीत. त्यांनी चाळणी उजेडाकडे धरून एकही तार तुटलेली नाही याची खात्री केली आणि मगच ती कागदात बांधली.

त्यांची दुसरी रीत अशी, की नुसते 'नाही' ते कोणाला म्हणत नसत. गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू आपल्याकडे नसेल तर ती कोठे मिळेल हे सांगितल्याशिवाय त्याला पायरी उतरू देत नसत. शेतातल्या मोठ्या, लाकडी कड्याच्या चाळण्या त्यांच्याकडे फारशा नसत. त्यासाठी ते सांगत, "रिसोडले जा. खंडूजीकडं. माझं नाव सांगू नका, दाना दाखवा."

रिसोडचे खंडूजी हे त्यांचे प्रतिस्पर्धी होते. स्वतः सुतारकाम करणारा माणूस. सागाचे कडे स्वतः वाकवी, जाळी स्वतः ताणी, आणि कड्यावर तापल्या लोखंडाने उगवत्या सूर्याचा ठसा उठवी. त्या ठशाची चाळणी जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत आहे. खंडूजीही बारीक चाळणी मागणाऱ्याला कारंज्याला पाठवीत. अशी वर्षानुवर्षे दोघे एकमेकांकडे गिऱ्हाइके धाडत राहिले आणि एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. वाशीमला एका लग्नात दोघे एकाच पंगतीत आले, तेव्हा शेठनी खंडूजींना पाहिले आणि आपले पान उचलून दुसऱ्या ओळीत गेले, असे मला सांगण्यात आले. कारण कोणालाही ठाऊक नव्हते. मी विचारले तेव्हा शेठ म्हणाले, "बोललो असतो तं मालाच्या भावाचं बोलनं निघालं असतं." दोघांनी मिळून भाव ठरवणे त्यांना नको होते, असा अर्थ मी लावला.

दुकानावर संकट आले ते मुलाकडून. प्रकाश पुण्यात नोकरीला आहे. मुलगा वाईट नाही. त्याचे म्हणणे सरळ होते: चाळण्या आता कोणी घेत नाही, जागा मोक्याची आहे, मोबाइलच्या शोरूमवाले भाडे द्यायला तयार आहेत, तर दुकान रिकामे करून ते भाड्याने द्यावे आणि वडिलांनी पुण्याला यावे. हिशेबात चूक नव्हती. परंतु दुकानात गल्ल्यावर सुषमा बसत असे. सुषमा शेठची धाकटी मुलगी. लग्नानंतर काही वर्षांनी ती माहेरी परत आली. का, ते मी विचारले नाही आणि शेठनी सांगितले नाही. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेठनी गल्ल्यामागची आपली गादी उचलून आत टाकली आणि तेथे तिच्यासाठी खुर्ची ठेवली. त्यापुढे ते स्वतः पायरीजवळच्या स्टुलावर बसू लागले. दुकान गेले असते तर ती खुर्ची गेली असती. पुण्यातल्या घरात सुषमा पाहुणी झाली असती. हे तिघांनाही समजत होते आणि कोणी बोलून दाखवीत नव्हते.

प्रकाश म्हणाला, "पुढच्या दिवाळीपर्यंत पाहू. तोवर दुकान आपल्या पायावर उभं राहिलं तर मी काही बोलणार नाही."

शेठ म्हणाले, "पाहू."

वेबसाइटची कल्पना सुषमाची. तिने वाशीमच्या किशोरला बोलावले. किशोर दुकानांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट करून देतो. चाळिशीतला, बोलका, कामाचा पक्का माणूस. त्याने पहिल्याच दिवशी मुद्दा स्पष्ट केला. लोक मोबाइलवर काहीतरी लिहून शोधतात. ते जे शब्द लिहितात ते आपल्या पानावर असतील तरच आपले पान त्यांच्यापुढे येते. तेव्हा पान सुंदर असण्यापेक्षा शब्द नेमके निवडलेले असणे महत्त्वाचे. याला तो कीवर्ड म्हणे. मराठी मजकूर शुद्ध असावा म्हणून सुषमाने मला बसवले. दुपारी बाजार सुस्तावला की आम्ही चौघे दुकानात बसत असू.

किशोर म्हणाला, "शेठजी, सुरुवात सोपी आहे. 'स्वस्त चाळणी' टाकू. लोक सगळ्यात जास्त स्वस्तच शोधते."

"नाई," शेठ म्हणाले.

"काहून?"

"स्वस्त म्हनून जो येईन तो इथून महाग म्हनून जाईन. माझी चाळनी स्वस्त नाई. त्याले कायले बोलवायचं?"

"मंग 'सर्वोत्तम चाळणी'."

"सगळ्या पाह्यल्या का तू?"

"'नंबर एक'?"

शेठनी मान वळवली. बाहेर उभ्या असलेल्या रिक्षाकडे पाहत राहिले. किशोर माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, यांच्यापेक्षा तुमचं कोर्ट बरं. तिथं निकाल तरी लागते."

शेठचे शब्द निवडण्याचे तत्त्व मला हळूहळू समजले. त्यांच्या मते शब्द म्हणजे आमंत्रण होते. ज्या शब्दाने माणूस येईल, त्या शब्दापुरते त्याला काही देणे आपल्यावर बंधनकारक होते. म्हणून ते प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारत: हा शब्द लिहिणारा माणूस दारात उभा राहिला तर त्याच्या हातात मी काय ठेवीन? उत्तर नसेल तर तो शब्द ते नाकारत, मग तो कितीही लोक शोधत असोत. 'किचन सेट' त्यांनी याच कारणाने नाकारला. करवा चौथची चाळणी मात्र लगेच मान्य केली. सुषमाला त्याचे आश्चर्य वाटले. शेठ म्हणाले, "आहे ना आपल्याकडं. विकलीबी आहे."

मग त्यांनी स्वतःची रीत सुरू केली. डोळे मिटून बसत आणि आठवत. गिऱ्हाईक पायरी चढताना पहिला शब्द कोणता बोलते, हे त्यांना पाठ होते. बसल्यावर माणूस शहाण्यासारखा बोलतो, पायरीवर खरे बोलतो, असे त्यांचे मत. ते एकेक आठवून सांगत आणि सुषमा मोबाइलवर उतरवी. "तिळात वाळू येऊन राह्यली. सोयाबीन मातीचं निघालं, बाजार समितीत भाव पाडला. पिठात सोंडे झाले. रव्याचा लाडू दाताखाली कचकच करते." किशोरने हे शब्द आपल्या मोबाइलवर तपासून पाहिले आणि मोबाइल सुषमापुढे धरला. लोक खरोखरच तसे लिहीत होते, सगळेच नव्हे, परंतु बरेच.

मात्र शेठ एका शब्दापाशी चुकले. त्यांच्या वडिलांनी हे दुकान पाणी गाळण्याच्या कापडावर सुरू केले होते; जैन घरांत त्याची रीत आहे. शेठना 'पाणी गाळण्याचे कापड' हाच शब्द पानावर सर्वांत वर हवा होता. किशोरने तपासून सांगितले की आपल्या भागात तो कोणीही शोधत नाही.

"कोनीबी नाई? म्हनजे एकबी नाई?"

"एकबी नाई, शेठजी."

शेठनी मोबाइलवरच्या पानाच्या तळाकडे बोट दाखवले. मग म्हणाले, "राहू दे खाली कुठं तरी. चुकून कोनी आलाच तं दार लावलेलं नको." तो शब्द पानाच्या तळाशी राहिला. त्या शब्दाने कोणी आल्याचे मला माहीत नाही.

वेबसाइट सुरू झाली. थोडी विचारणा येऊ लागली. परंतु शेठनी दाण्याची अट तेथेही सोडली नाही. दुकानात येऊ न शकणाऱ्याने दाण्याचा फोटो पाठवायचा, शेजारी नाणे ठेवून, म्हणजे आकार कळेल. फोटो पाहून ते चाळणी ठरवीत. यवतमाळकडच्या एका व्यापाऱ्याने जवसासाठी बऱ्याच चाळण्या मागितल्या. फोटो आला. शेठनी तो सुषमाचा चष्मा लावून पाहिला आणि तिच्याकरवी कळवले, की तुमच्या जवसात माती नाही, ओल आहे. चाळणी घेऊ नका, उन्हात घाला. व्यापाऱ्याने धन्यवाद दिले आणि काही घेतले नाही.

त्या दिवशी मी सुषमाला प्रथमच आवाज चढवताना ऐकले. "बाबा, गिऱ्हाईक कसंबसं आणायचं आणि तुम्ही ते परत पाठवायचं. दिवाळी काय लांब आहे का?"

शेठ म्हणाले, "ओल्या जवसाले चाळनी दिली असती तं दिवाळीच्या आधी तोच परत आला असता. शिव्या घेऊन."

"आला तरी असता," सुषमा म्हणाली.

शेठनी तिचा चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला.

पावसाळा संपत आला तेव्हा स्थिती अशी होती: पान चांगले होते, शब्द खरे होते आणि विक्री अपुरी होती. किशोर एका दुपारी वाशीमहून मुद्दाम आला. त्याला एक गोष्ट आढळली होती. चाळणीसंबंधी आपल्या जिल्ह्यात लोक जे काही शोधतात त्यात सर्वांत अधिक वेळा एकच नाव येत होते: खंडूजी चाळणीवाले, रिसोड. खंडूजी त्या उन्हाळ्यात वारले होते. दुकान बंद झाले होते. मुलगा नव्हता. लोकांना ते ठाऊक नव्हते. ते नाव लिहीत, आणि त्यांना कोठलेच दुकान सापडत नसे.

"आपल्या पानावर थे नाव टाकू," किशोर म्हणाला. "लोक सरळ इथं येईन. मालक राह्यले नाई, दुकान नाई. विचारनारं कोनी नाई. मोठमोठ्या कंपन्या दुसऱ्याच्या नावावर गिऱ्हाईक ओढते, शेठजी. आपन तं मेलेल्या मानसाचं घेऊन राह्यलो."

सुषमा खाली पाहत म्हणाली, "टाकू द्या, बाबा."

शेठ स्टुलावरून उठले आणि घरी गेले. संध्याकाळी माझ्या दारात आले. "उद्या रिठदले जायचं आहे. खंडूजीची बायको तिथं राह्यते, शेतावर. तुमी चाला."

"माझे तेथे काय काम?"

"तुमी कोर्टातले. उद्या कोनी म्हनलं की नेमीचंदनं नाव चोरलं, तं साक्षीले."

आम्ही एसटीने वाशीमला गेलो आणि तेथून रिसोडच्या गाडीने रिठदला.  खंडूजींच्या पत्नी कौसाबाई यांचे घर गावाच्या कडेला होते. बाई अंगणात सोयाबीनच्या शेंगा पाहत बसल्या होत्या. वाळक्या, ताठ, करड्या केसांच्या. शेठनी नाव सांगितले. त्यांनी उठण्याची घाई केली नाही.

"नेमीचंद म्हनजे कारंज्याचे? लग्नात पान उचलून गेलते थे?"

"हाव. थोच."

"थे जिते होते तवा एकदा आले नाई. आता कायले आले?"

"नाव मागाले आलो, वयनी."

वहिनी म्हटल्यावर बाईंनी त्यांच्याकडे प्रथम नीट पाहिले. शेठनी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. मोबाइल, पान, लोक काय लिहितात, प्रकाशची मुदत, सुषमाची खुर्ची. सुषमाविषयी त्यांनी जे तेथे सांगितले ते मी शेजारी राहूनही पूर्वी ऐकले नव्हते. ते येथे लिहीत नाही.

बाईंनी ऐकून घेतले आणि म्हशीची धार काढायला गोठ्यात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आम्ही ओट्यावर बसलो. ऊन उतरले, सूर्य गेला. बाई चहा घेऊन आल्या. शेठनी हात जोडले.

"दिवस बुडाला. आता मले चालत नाई."

"मले मालूम आहे," बाई म्हणाल्या. "थे सांगत होते, कारंज्याचा शेठ दिवस बुडल्यावर पानी पेत नाई. पाहाव म्हनलं, अजून तसाच आहे का सुधरला." त्यांनी शेठचा कप मला दिला. माझे दोन कप झाले.

मग त्या म्हणाल्या (त्यांच्या तोंडी 'ळ'चा 'य' होई, मी तसाच ठेवला आहे), "नाव घ्या. नावाचं मी काय करू? शेतात पेरू? पन एक ऐका. त्यायच्या चायन्या गावोगाव हायेत. जायी फाटली की लोक त्यायच्याकडं येत. थे बदलून देत. आता लोक कुठं जाईन? तुमी नाव घेतान, तं थे कामबी घ्या. नवी चायनी घ्या म्हनून कोनाले वापस धाडू नका."

"नाई धाडनार."

"आन ठसा खोडू नका."

"नाई खोडनार."

"मंग जा. गाडी चुकन."

एवढाच करार. साक्षीला मी होतो. सही कोणाची नव्हती.

गाडी चुकलीच. जीपने परत येताना शेठ एकदाच बोलले. "त्याले माझं सगळं मालूम होतं," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

पानावर ते वाक्य मी लिहिले. "रिसोडचे कै. खंडूजी यांनी बनवलेल्या चाळण्यांची जाळी येथे बदलून मिळते." 'कैलासवासी' हा शब्द काढावा, लोक पुढे वाचणार नाहीत, असे किशोरने सांगून पाहिले. शेठनी तो ठेवला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. खंडूजींच्या नावाने फोन आला की सुषमाने आधी सांगायचे, खंडूजी वारले, हे नेमीचंदांचे दुकान आहे. मग पुढचे बोलायचे. काही माणसे ते ऐकून फोन ठेवून देत.

किशोर हताश झाला. "शेठजी, असं कोनी करत नाई. मानूस दारात आनायचा आन दारातच सांगायचं की हे घर त्यायचं नाई."

"मंग कुठं सांगू? माजघरात?"

तरी माणसे आली. सोयाबीनच्या हंगामात तर रोज. मोटारसायकलवर मागे बांधून, एसटीच्या टपावर टाकून, ट्रॅक्टरमध्ये पोत्यांखाली दाबून फाटक्या जाळीची कडी येऊ लागली. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. शेठ जमिनीवर बसून स्वतः जाळी बदलीत. त्या वयात गुडघे मोडून बसणे त्यांना जड जाई; ते तक्रार करत नसत. काम करताना ते खंडूजींची कारागिरी निरखीत. जाळी कड्यावर बसवताना खंडूजी ती किंचित तिरपी ताणीत, म्हणून ती वर्षानुवर्षे मध्यभागी लोंबत नसे. शेठनी हे मला कडे उलटे करून दाखवले. म्हणाले, "हा मानूस मले आता भेटून राह्यला."

जाळी बदलण्यात फारसे मिळत नव्हते. परंतु कडे घेऊन आलेला माणूस थांबे, आणि थांबलेला माणूस वर पाही. घरच्यांसाठी पिठाची चाळणी, तिळाची चाळणी घेऊन जाई. दाणा तर त्याच्या कड्याला चिकटलेलाच असे. मागावा लागत नसे.

दिवाळीला प्रकाश आला. त्याने दुकानभर पडलेली कडी पाहिली. प्रत्येकावर उगवत्या सूर्याचा ठसा.

"हे काय आहे, बाबा? आपलं दुकान की भंगाराचं?"

"दुरुस्तीचं आहे."

"तीन पिढ्यांचं आपलं नाव. आणि तुम्ही दुसऱ्याच्या नावानं आलेला माल दुरुस्त करत बसला?"

शेठनी हातातली पकड खाली ठेवली. "आपलं नाव पाटीच्या फळीवर आहे. त्याचं लोकायच्या तोंडात आहे. तुझी बहीन फळीवर नाई बसू शकत." मग म्हणाले, "आज गल्ल्यावर तू बस. सुषमा घरी सन करन."

प्रकाश दिवसभर बसला. मी दोनदा डोकावलो. पहिल्यांदा तो मोबाइल पाहत होता. दुसऱ्यांदा एका म्हाताऱ्या बाईला सांगत होता, "मावशी, दाणा आणला का? दाण्याशिवाय देता येत नाही." भाड्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. पुण्याला जाताना बायकोसाठी रव्याची चाळणी घेऊन गेला. शेठनी त्यालाही रवा आणायला लावला.

सुषमाची खुर्ची आजही तेथे आहे. शेठ नाहीत. तूर बाजारात यायला लागली त्या सुमारास ते गेले. दुपारी, घरी, फार त्रास न होता. मी स्मशानात गेलो. श्रद्धांजलीचे दोन शब्द बोललो नाही, मला बोलता येत नाही.

त्यांना दुकानात शेवटचे पाहिले ते त्याच्या थोडे आधी. मी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो. रिसोडच्या बाजूचा एक वृद्ध शेतकरी कडे खांद्याला लावून पायरी चढला. त्याला कमी दिसत असावे. हाताने चाचपत तो आत आला. शेठ स्टुलावर होते. त्यांची झुकलेली मान आणि मांडीवरचे कडे एवढेच त्याला दिसले असणार.

"खंडूजी," तो म्हणाला. "बरं झालं बाप्पा. लोक सांगत होते, तुमी गेले."

गल्ल्यावरून सुषमाने नेहमीचे वाक्य सुरू केले. "काका, खंडूजी तर..."

शेठनी हात वर केला. ती थांबली.

"लोकायचं काय," शेठ म्हणाले. "बसा. पानी घ्या."

म्हातारा बसला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. पाणी पिऊन त्याने कडे शेठपुढे ठेवले. "आवाज बसला तुमचा."

"वय झालं."

"इकडं कारंज्याले कायले आले?"

"लेकीचं दुकान आहे."

म्हाताऱ्याने मान डोलावली. त्याला ते पटले. "आन घरी बाई? बऱ्या हायेत ना?"

"बऱ्या आहेत," शेठ म्हणाले. "गुडघे धरले, तेवढं सोडलं तं."

हे खरे होते. आदल्याच आठवड्यात शेठ रिठदला कौसाबाईंकडे जाऊन आले होते.